शोशाम्मा टीचरचं बदक गाऊ लागलं तेव्हा

सिनेमात गाणी असणार, हे शोशाम्मा टीचरना पहिल्यापासून ठाऊक होतं. ती कुठे असणार हे मात्र कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

तिरुवनंतपुरमच्या ज्या ॲनिमेशन स्टुडिओत मी स्टोरीबोर्ड काढायचे, तिथे टीचर आपल्या पुस्तकावरच्या सिनेमाचं कच्चं रूप बघायला आल्या होत्या. कुट्टनाडातल्या कैनकरीहून आधी बोट, मग बस. सोबत नवरा, पापच्चन चेट्टन, म्हणजे आमचे पापच्चनदादा. जलवाहतूक खात्यात बोट चालवून निवृत्त झालेला, उंचापुरा, जरा जास्तच बोलणारा माणूस. आम्हा सगळ्यांसाठी माशाच्या लोणच्याची बरणी आणलेली. टीचरच्या अंगावर इस्त्रीची सुती साडी, आणि हात मांडीवर असे घट्ट धरलेले, जणू कुणी ते हिसकावून नेणार आहे.

त्यांचं पुस्तक आम्ही सगळ्यांनीच लहानपणी पाहिलेलं. पाहिलेलं म्हणते, कारण त्यात वाचायला एक अक्षर नाही. नुसती चित्रं. कापणी झालेल्या एका शेतातून दुसऱ्या शेताकडे बदकांचा मोठा कळप कालव्यातून निघतो. एक पिल्लू पेंढ्यात झोपून राहतं. जागं होतं तेव्हा कळप दिसेनासा झालेला. राखणदार लांबून होडीत उभा राहून तोंडाशी हात धरून हाका मारतोय, पण पिल्लू ढिम्म. मग कळपाच्या पोहण्याने उठून काठाला लागणाऱ्या लाटा त्याला दिसतात. लाटा जिकडून येतात तिकडे ते पोहत जातं. एवढीच गोष्ट.

आमचा दिग्दर्शक निषाद या पुस्तकावर जीव टाकायचा. त्याला त्याचा गाण्यांनी भरलेला सिनेमा करायचा होता. परदेशातली एक वाहिनी त्यात भागीदार झाली ती गाण्यांच्याच जोरावर.

पडद्यावर चित्रं सरकू लागली. पहिल्या गाण्याला टीचर हसल्या. दुसऱ्याला पापच्चन चेट्टन पायाने ताल धरू लागले. मग कालव्याचा प्रसंग आला. राखणदार होडीत उभा राहून गाऊ लागला, पेंढ्यातल्या पिल्लाने मान वर केली, आवाजाच्या दिशेला वळलं आणि स्वतःही गाऊ लागलं.

"थांबवा," टीचर म्हणाल्या.

निषादने थांबवलं.

"त्याला ऐकू येतं?"

"कुणाला, टीचर?"

"पिल्लाला."

निषाद गोंधळला. "म्हणजे... येत नाही असं पुस्तकात कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात काहीच लिहिलेलं नाही," टीचर म्हणाल्या. मग त्यांनी पाणी मागितलं, ते पूर्ण प्यायल्या, पिशवी उचलली आणि बोट चुकेल म्हणून निघाल्या.

फाटकापाशी चेट्टन मागे रेंगाळले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आमची पोरगी ट्रीसा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ते पुस्तक तिच्यासाठी काढलेलं. हिने कधी कुणाला सांगितलं नाही. लोक दया म्हणून घेतील पुस्तक, म्हणते. तूही सांगू नकोस हं." आणि धावत बस गाठली.

मी अर्थातच निषादला सांगितलं. तो डोकं धरून बसला.

ट्रीसा तेव्हा एर्नाकुळमला राहायची, कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करायची. हात इतका सफाईदार की दातांचे डॉक्टर तिचंच काम मागायचे. आईच्या पुस्तकावर सिनेमा होतोय हे तिने तिथल्या झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. रोज संध्याकाळी ती फोनवर आईला बघायची आणि हातांनी विचारायची, "कसा झालाय? माझं पिल्लू कसं दिसतं?"

पिल्लू आता हाक ऐकतं, हे हिला कसं सांगायचं? टीचर हातांनी म्हणायच्या, "छान." आवाजाने थाप मारणं सोपं असतं, असं त्या मला पुढे म्हणाल्या, इथे पोरगी हात बघतच नाही, चेहरा बघते. म्हणून त्यांनी फोन असा ठेवायला सुरुवात केली की चेहरा कापला जावा.

"आज नुसते हातच आलेत का फोनवर?" ट्रीसाने विचारलं. "बाकीची आई कुठे गेली?"

"फोन बिघडलाय."

"मग बाबांच्या फोनवरून कर."

"तोही बिघडलाय."

चेट्टन पलीकडे बसून हे बघत होते. "अगं, चांगला फोन आहे माझा!" ते ओरडले, जणू ओरडण्याने लेकीला ऐकू जाणार होतं.

टीचरचं जेवणावरून लक्ष उडालं. मीनकरी करपू लागली. शाळेतून निवृत्त झाल्यावर चित्रकलेच्या शिकवणीला चार मुली घरी यायच्या, त्यांना सुट्टी मिळाली. टीचरच्या डोळ्यांसमोर सारखं एकच यायचं. थिएटरात ट्रीसा बसली आहे, पिल्लू आवाजाकडे वळतं, आणि ट्रीसा आपल्याकडे वळून बघते. पुढचं त्यांच्याच्याने बघवत नसे. डॉक्टरने रक्तदाबाची गोळी वाढवून दिली.

शेवटी त्यांनी निषादला फोन केला. "मोने, बाळा, रागावू नकोस. माझं पुस्तक मला परत दे."

"टीचर, दोन वर्षं झाली. सगळी माणसं..."

"मला समजतं सगळं. तरी दे."

करारात तशी सोय होती; टीचर अडून बसल्या तर देणं भाग होतं. वाहिनीला अजून कुणी काही बोललं नव्हतं, पण स्टुडिओत बातमी पसरली. रंग भरणारी पोरं काम करता करता थांबून एकमेकांकडे बघू लागली. निषाद मला म्हणाला, "रेम्या, तू जा. मी गेलो तर वाद घालीन. तू नुसतं जा आणि जेव तिथे."

मी कैनकरीला उतरले तेव्हा चेट्टन धक्क्यावर उभे होते. चेहऱ्यावर शाळा चुकवलेल्या पोरासारखं काहीतरी.

"काय झालं चेट्टा?"

"काही नाही. तू चल."

टीचरनी कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, उकडला होता, सोबत तिखटजाळ मासा. मी जेवले. त्या समोर बसून नुसतं वाढत राहिल्या. सिनेमाचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. हात धुताना मात्र त्या म्हणाल्या, "तुला का पाठवलंय ते कळतं मला. तुझा राग नाही. पण ज्या पोरीला जगाने सारखं सांगितलं की तुला ऐकू येत नाही म्हणून तू अपुरी आहेस, तिला एक गोष्ट मी दिली होती जिच्यात ऐकावं लागत नाही. ती पण काढून घेऊ?"

मी उष्टी ताटली विसळून ठेवली.

तेवढ्यात बाहेर धक्क्याला बोट लागली. चेट्टन घाईने पुढे गेले. टीचरनी खिडकीतून पाहिलं आणि बाकावर बसल्या. पाठीवर पिशवी घेतलेली ट्रीसा अंगणातून येत होती.

"इच्चाया!" टीचर नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बोलावलंत?"

"मी फक्त लिहिलं की आईच्या मते दोन्ही फोन बिघडलेत," चेट्टन म्हणाले. "आली तर काय करू?"

ट्रीसा आत आली. आईकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघितलं. मग माझ्यासमोर बसली आणि बोटाने पिशवी दाखवली: उघड.

मी टीचरकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली नाही, नकाराचीही नाही. मी लॅपटॉप काढला आणि जुन्या लाकडी भाताच्या पेटीवर ठेवला.

ट्रीसाने पेटीच्या झाकणावर दोन्ही तळवे पसरून ठेवले. आवाज पूर्ण वाढव, अशी खूण केली. पेटी पोकळ, गाणं त्यात घुमायला लागलं. कालव्याचा प्रसंग आला. राखणदार गातोय, पिल्लू वळतं. टीचर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

ट्रीसाने ते पुन्हा बघितलं. मग हातांनी विचारलं, "काय गातोय तो?"

टीचर वळल्या नाहीत. चेट्टननी हात उचलले, पण त्यांची खूण-भाषा म्हणजे बोटीचा कप्तान धक्क्यावरच्या माणसाला इशारे करतो तशी. ट्रीसा हसायला लागली. मग मी ओळी कागदावर लिहून दिल्या. तिने वाचल्या. कागदावरच लिहिलं, "बरं आहे. जरा गोड आहे." मग आईच्या खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं.

पुढचं बोलणं हातांनी झालं आणि फार भराभर. मला चेट्टन हळू आवाजात सांगत होते.

"हे तू माझ्यापासून लपवलंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"का वाटेल?"

"पिल्लाला ऐकू यायला लागलं म्हणून. ते पिल्लू म्हणजे तू."

ट्रीसाचे हात मध्येच थांबले. खरोखर नवल वाटल्यासारखी ती आईकडे बघत राहिली.

"मी?" ती म्हणाली. "मला तर नेहमी वाटायचं, ते पिल्लू म्हणजे तू."

आता टीचरचे हात थांबले.

"मी कुठे मागे राहिले होते?" ट्रीसा म्हणाली. "माझ्यासमोर कायम तू होतीस. लग्नात सगळ्या बायका एकीकडे हसत असायच्या आणि तू माझ्याजवळ कोपऱ्यात. मी मजेत चित्रं काढायचे आणि तू त्यांच्याकडे बघत बसायचीस. मी बघायचे ना तुला. पुस्तकातलं पिल्लू काठावरून जसं बघतं, अगदी तशी बघायचीस तू."

एवढं सांगून चेट्टन माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ही चर्चच्या गायनवृंदात होती. पहिला आवाज हिचा असायचा. ट्रीसाचं कळलं त्या आठवड्यात सोडलं. घरात एक ओळ कधी गुणगुणली नाही नंतर. मी विचारलं, तर म्हणाली, तिला मिळत नाही ते मी तिच्यासमोर खाऊ?"

टीचर विरघळल्या वगैरे नाहीत. त्या चिडल्या. चांगल्याच. "मला शिकवतेस?" असं काहीतरी हातांनी म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांड्यांची आदळआपट ऐकू येत राहिली. ट्रीसाने मला कागदावर विचारलं, "आदळतेय का?" मी खुणेने हो म्हटलं. ती समाधानाने मान हलवून उरलेला कप्पा खायला बसली.

बाहेर आल्या तेव्हा टीचरचे डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "निषादला सांग, करा. गाणी राहू देत." लगेच पुढे, "पण मला बरं वाटत नाहीये. अजून नाही."

ट्रीसाने मात्र आपला हट्ट माझ्यामार्फत पाठवला. पिल्लू ऐकू दे हवं तर, पण लाटाही मोठ्या दिसल्या पाहिजेत. ज्यांना गाणं पोचणार नाही, त्यांनाही ते कुठे निघालंय हे कळायला हवं. निषादने निम्मं मान्य केलं, मग रात्रभर विचार करून उरलेलंही. तो सगळा प्रसंग मी पुन्हा आखला. वाहिनीवाले उशिराबद्दल कुरकुरले, पण चित्रं बघून गप्प बसले.

पहिला खेळ आलप्पुळाच्या एका सभागृहात ठेवला. निषादने बहिऱ्या मुलांच्या एका शाळेलाही बोलावलं होतं. टीचरनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दिवे मालवल्यावर मी बघत होते, त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. सगळं लक्ष शेजारच्या ट्रीसाकडे.

पहिलं गाणं सुरू झालं तशी मागच्या रांगांतली शाळेची पोरं चुळबुळायला लागली. पडद्यावर सगळे तोंडं हलवतायत आणि आपल्याला काही कळत नाही, हे त्यांना बरोबर कळत होतं. एक पोरगा खुर्चीवर उलटा बसला. त्यांच्या शिक्षिका एकट्या, रांगेच्या टोकाला, त्यांचे हात अंधारात दिसेनात. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. निषाद ओठ चावत उभा होता.

ट्रीसाने आईला कोपराने ढोसलं. "सांग त्यांना."

"मी? इथे? नाही."

"तुला गाणी पाठ आहेत. सारखी ऐकत असतेस, बाबांनी सांगितलंय मला."

टीचर जागच्या हलेनात. पलीकडे बसलेल्या माझं मनगट त्यांनी धरून ठेवलं. मग ट्रीसा उठली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि पडद्याच्या कडेला, जिथे उजेड पडत होता तिथे नेऊन उभं केलं. आणि स्वतः जागेवर परत आली!

टीचर तिथे उभ्या. साडीवर कालव्याचं हिरवं पाणी हलतंय. मला वाटलं, आता या जागेवर परत येणार. मग त्यांनी हात उचलले.

आधी चुकल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने उठून त्यांची खूण सुधारली, तेव्हा सगळी पोरं हसली. टीचरही. उलटा बसलेला पोरगा सुलटा झाला. कालव्याच्या गाण्यापर्यंत त्यांचे हात मोकळे झाले होते, आणि मी जवळ होते म्हणून मला दिसलं, ओठही हलत होते. आवाज निघत होता का, ते स्पीकरच्या गोंगाटात मला कळलं नाही. ट्रीसाला विचारण्यात अर्थ नव्हता. ती तर आईकडे बघून रडत होती आणि हसत होती.

सिनेमा बऱ्यापैकी चालला. काहींना आवडला, एकाने लिहिलं की पुस्तकच बरं होतं. टीचरनी ते कात्रण जपून ठेवलं. आता दोन-तीन शाळा त्यांना खेळाबरोबर बोलावतात. त्या जातात. आदल्या दिवशी मला फोन करतात, "रेम्या, पोट दुखतंय गं, तू येशील का?" मी म्हणते, येते. मागून चेट्टनचा आवाज येतो, "तिला सांग, बोट साडेसातची आहे, आणि ही सहापासून धक्क्यावर उभी राहणार आहे."