कुलपातला डबा

घरून आलेला डबा जेवणघरातल्या लांब टेबलावर सगळ्यांसमोर उघडायचा, अशी आमच्या वसतिगृहाची रीत होती. आदिलाबादचं ते निवासी कॉलेज लहान, मुली मोजक्या. वांकिडी गावच्या मुलीकडे भाकरी-ठेचा यायचा, तेलुगू मुलींकडे गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं लोणचं. वाटणीवरून भांडणं व्हायची, पण डबा कुणी लपवत नसे.

बेल्लमपल्लीहून आलेल्या नव्या मुलीने लपवला. तिचे वडील खाणीत कामाला. तिने आणलेला पत्र्याचा मोठा डबा कुलूप लावून थेट खाटेखाली गेला. आमचं लोणचं ती खायची, स्वतःचा डबा मात्र काढेना. हळूहळू तिच्या शेजारी कुणी बसेनासं झालं. एकदा वांकिडीची मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "डबा काऊन नाही उघडून राह्यली वं? सोनं आणलं काय?" नवी मुलगी ताटावरून उठली. कॉलेज सोडून घरी जाते, असं आमच्या खोलीत म्हणू लागली.

मला राग नव्हता, कुतूहल होतं. खोली झाडताना तो डबा सरकवायला दोन्ही हात लागत. लाडू इतके जड नसतात. शिवाय तुपातेलाचा वासही नाही. शेवटी सरळ विचारलं.

"ते खायचं नाही, अक्का," म्हणत तिने कुलूप काढलं. आत कोळसा आणि छोटी शेगडी. खाणकामगारांना घरी जाळायला कोळसा मिळे. आदिलाबादच्या थंडीबद्दल ऐकून वडिलांनी त्यातला दिला होता. इथे आल्यावर तिला नियम कळला: खोलीत शेगडी सापडली तर वसतिगृह सोडायचं. वडिलांनी दिलेलं टाकवेना, म्हणून कुलूप.

मी म्हटलं, टेबलावर ठेवू या. तसंही जायचंच आहे, म्हणून ती तयार झाली. दोघींनी डबा उचलून नेला. कुणी हसलं नाही. वॉर्डनबाई आल्या, डब्यात डोकावल्या. शेगडी कुठे पेटवली होती, एवढंच त्यांनी विचारलं. कुठेच नाही, हे ऐकून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, नियम खोलीचा आहे, मागच्या अंगणाचा नाही. आणि धूर खिडक्यांकडे येता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीचं पाणी तापवायला बादली घेऊन अंगणात गेले. नवी मुलगी शेगडीला वारा घालत होती. शेजारी वांकिडीची उकिडवी बसून तिला वारा कसा घालायचा ते शिकवत होती, आणि ती मुळीच ऐकत नव्हती. शेगडीवर एक अनोळखी पितळी पातेलं होतं.

"हे कुणाचं?"

"वॉर्डनबाईचं," वांकिडीची म्हणाली. "तुमी रांगेत मागं लागा."