गुर्दा कोणत्या बोकडाचा?

सेहेचाळीस साली माझ्यावरचं वॉरंट उठलं आणि मी सांगलीत एका डॉक्टरांकडे नोकरीला लागले. गाव माझं कराडजवळचं मलकापूर. आमच्या घरात ऊस आणि पलटण, या दोनच विषयांवर बोलणं चाले. भाऊ लढाईवरून परत आला तेव्हा त्याला वेशीत हार घातले. मी बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्हाभर पत्रकं वाटून परत आले, तेव्हा मला बोलणी बसली. म्हणून घर सोडलं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टर जैन होते. मी भूमिगत असताना भाची म्हणून त्यांनी मला घरात ठेवलं होतं. सांगली तेव्हा संस्थानात होती, त्यामुळे इंग्रजी हद्दीतल्या फौजदाराला दार ठोठावण्याआधी जरा विचार करावा लागे. त्या दिवसांत मी तिथं बसून पत्रकांसाठी मेणकागदावर लोखंडी टोकानं अक्षरं कोरत असे. हात हलला की कागद फाटतो. डॉक्टरांनी हात पाहून ठेवला होता. त्यांना असाच हात हवा होता.

काम असं: बोकडाचा गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, आणायचा, त्याचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. गुर्द्यात रक्त गाळणाऱ्या बारीक बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला रक्त पोचवणारी एक इवलीशी धमनी असते. धमनीची भिंत स्नायूच्या पेशींची; लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. पण गाळणीच्या तोंडाशी त्याच भिंतीत काही पेशी निराळ्या दिसत. फुगीर, आणि आत राजगिऱ्यासारखे दाणे भरलेले. या पेशी आल्या कुठून, एवढाच डॉक्टरांचा प्रश्न होता. वीस वर्षं त्यांनी त्यात घातली होती.

त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. या पेशी रक्तातून येतात, भिंतीत वस्तीला राहतात, काम झालं की निघून जातात. कारण एखाद्या गुर्द्यात त्या खच्चून भरलेल्या असत, आणि एखाद्यात दिवसभर शोधून सापडत नसत. जे कधी असतं आणि कधी नसतं, ते बाहेरचंच असणार. मला हे लगेच पटलं. आमच्या पत्रकांतही वाईट ते सगळं बाहेरूनच येत असे.

दिवाळीनंतर गावातल्या डॉक्टरांची सभा होती. तिथं ते यावर निबंध वाचणार होते, आणि मग तो मुंबईला छापायला जाणार होता. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता, उजव्यावर मोतीबिंदू चढत होता. ‘हा निबंध सोडला तर माझ्या नावावर खोकल्याच्या बाटल्या तेवढ्या राहतील,’ असं ते म्हणत. थट्टेत म्हणत, पण थट्टा नव्हती.

एकदा काच पुसता पुसता मी विचारलं, “हा गुर्दा कोणत्या बोकडाचा?”

“बोकडाचा. कोणत्या म्हणजे?”

“कुठल्या गावचा, काय खाऊन वाढलेला?”

“मी विचारत नाही.” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “माझ्यासाठी जीव जायचा नाही, एवढं मी पाळतो. लोकांसाठी कापलेल्यातला एक गुर्दा गडी घेऊन येतो. मी चौकशी करायला लागलो, तर उद्या मुलाणी माझ्यासाठी निवडून कापील.”

माझं डोकं फिरलं. “पाटलानं कुणाच्या घरचं धान्य उचललं, हे आम्ही माणसाच्या नावागावासकट छापत होतो. नाव नसेल तर ओळ खोडत होतो. आणि तुम्हाला वीस वर्षांत एका बोकडाचं गाव माहीत नाही?”

स्वयंपाकघरातून डॉक्टरांच्या बायकोचा आवाज आला, “हिचं लग्न कसं व्हायचं, देव जाणे!”

डॉक्टरांनी आता मान वर केली. मग म्हणाले, “तुला जायचं तर जा. मी पाठवलं असं म्हणू नकोस.”

मी गेले. मुलाणी दुकानाच्या पायरीवर सुरा परजत होता.

“डाक्टरांचा गुर्दा व्हय? आवं, त्यो दोन जागचा जातोय. आटपाडीच्या बाजारातनं जनावरं आली तर बाजाराचा. न्हाई तर माळावरनं कुणी परस्पर हाकत आणल्याला.”

“दोन्हींत फरक काय?”

“बाजाराचं जनावर टुमटुमीत दिसतंय.”

“का?”

“ते धनगरास्नी इचारा. माझी का भांडणं लावताय?”

आटपाडीला सर्व्हिस मोटारीनं गेले. बाजार भरायच्या आधीची सकाळ होती. एका म्हाताऱ्या धनगरानं घमेल्यात खडेमीठ ओतलं होतं, आणि शेरडं एकमेकांना ढुशा देत ते चाटत होती.

“कोण गं तू? सरकारी हायस का?”

“सरकार मलाच हुडकत होतं कालपरवापर्यंत.”

“मग बस की.” म्हाताऱ्यानं घोंगडं सरकवलं.

“मीठ कशाला घालता?”

“बाजाराआधी आठ-धा दिस रोज घालतोय. मीठ चाटलं की पाणी पितंय. पाणी प्यालं की कूस भरतीया. गिऱ्हाईक हात लावून बघतंय, म्हणतंय जनावर भरल्यालं हाय.”

“म्हणजे तुम्ही पाणी विकता.”

“आन गवळी काय इकतोय गं?”

शेजारचे दोघे खो खो हसले. मी विचारलं, एरवी मीठ घालता का? म्हातारा म्हणाला, “एरवी? लय शानी हायस. मानसाला पुरंना, शेरडाला कुठनं? मिठावर बी सरकार बसलंय.”

मिठावरच्या करावर मी अख्खं पत्रक कोरलं होतं. ते शेरडांनाही लागू होतं, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं.

परत आल्यावर मुलाण्याशी ठरवलं. त्यानं नेहमीसारखंच कापायचं, निवडायचं काही नाही. फक्त बाजाराच्या गुर्द्याला तांबडा दोरा बांधायचा, माळावरच्याला पांढरा. डॉक्टरांना मी मिठाचं सांगितलं. ते म्हणाले, “दोरे मला दाखवू नकोस. काचा तेवढ्या दे.”

खिडकीशी बसून ते एका डोळ्यानं काचा बघत राहिले. पेशी भरपूर असलेल्या उजवीकडे, जवळजवळ नसलेल्या डावीकडे. मी माझ्या खुणा ताडून पाहिल्या. डावीकडे सगळा तांबडा दोरा. उजवीकडे सगळा पांढरा. एक काच मात्र त्यांनी मध्ये ठेवली.

“हिचा काप बिघडलाय.”

“तो मी कापलाय. माझा काप बिघडत नाही.”

“मग बघ तूच, आणि मत सांगू नकोस. दिसतं ते सांग.”

मी पाहिलं आणि सांगितलं. एक पेशी आहे. एका टोकाला ती भिंतीतल्या इतर पेशींसारखी लांबट आहे, स्नायूचे धागे दिसताहेत. दुसऱ्या टोकाला दाणे आहेत. मध्ये कुठं जोड नाही. तिच्या शेजारचीत दाणे थोडे जास्त. तिच्या पलीकडची नुसती दाण्यांची.

डॉक्टरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “असल्या काचा मी फेकून देत आलो.”

मग सावकाश, स्वतःशीच बोलल्यासारखं त्यांनी जुळवलं. बाहेरून कुणी येत नाही. जनावराला मीठ कमी पडलं की भिंतीतल्याच स्नायूच्या पेशी दाणे धरतात. मीठ मिळालं की दाणे जातात आणि त्या पुन्हा शेजारणींसारख्या दिसतात. “ज्या गेल्या म्हणून मी लिहीत होतो, त्या तिथंच होत्या.”

मी म्हणाले, “दोन बोकड अंगणात बांधू. एकाला मीठ, एकाला नाही. महिन्यानं कापू. म्हणजे शंकाच नको.”

“कापणार कोण?”

“मुलाणी.”

“कुणासाठी?”

मी विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे. आजही पटत नाही. रोज खंडीभर बोकड रश्श्यात जातात, आणि ज्यातून काही कळलं असतं ते दोन तेवढे वाचले. पण घर त्यांचं होतं आणि निबंधही त्यांचा. “दिसलं तेवढंच लिहायचं,” ते म्हणाले. “सिद्ध झालं असं लिहायचं नाही.”

निबंध नव्यानं लिहायला बसलो. डोळा साथ देत नव्हता, म्हणून ते सांगत होते आणि मी लिहीत होते. सुरुवात त्यांनी शरीरशास्त्राच्या इतिहासापासून केली. कोण काय म्हणाला, मग दुसरा काय म्हणाला. पानभर झाल्यावर मी टाक खाली ठेवला.

“पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत असतो.”

“का?”

“पोलीस आला आणि कागद टाकून पळावं लागलं, तर लोकांनी निदान तेवढं तरी वाचलेलं असावं.”

ते हसले नाहीत. पान फाड म्हणाले आणि पहिली ओळ सांगितली: धमनीच्या भिंतीतल्या दाणेदार पेशी बाहेरून येतात असं मी आजवर सांगत आलो, ते चुकीचं होतं.

सभेत निबंध मीच वाचला. डॉक्टर शेजारच्या खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मागून एका तरुण डॉक्टरानं विचारलं, “मग वीस वर्षं काय केलंत, डॉक्टरसाहेब?”

“पाहुण्यांची वाट पाहिली,” डॉक्टर म्हणाले.

सभा हसली. मिठाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. चर्चा झाली ती डॉक्टरांच्या सभेत मलकापूरच्या पोरीनं वाचावं का, यावर. आणि ती रंगली. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टांग्यातून घरी येताना डॉक्टरांनी निबंधाची पानं घडी करून खिशात घातली. मला वाटलं, निबंध आता मुंबईला जात नाही. पुलाजवळ त्यांनी विचारलं, “उद्या मुलाण्याकडे जाशील?”

“जाईन. मुंबईला पाठवायचा ना निबंध?”

“पाठवायचा. पण आणखी काचा बघून. प्रत्येक जनावराचं गाव विचार, मीठ मिळालं होतं का ते विचार.” टांग्यानं पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, “आणि मी पाठवलंय म्हणून सांग.”