अरादच्या हवेत नाचणी

नओमी झिराडकर इस्राएलच्या वाळवंटातल्या अरादमध्ये माझ्या खालच्या मजल्यावर राहते. बावीस वर्षे तिने कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासली आणि तिथल्या स्वयंपाक्यांना, त्यांनी विचारले नसतानाही, शिकवले. चूक कबूल करणे तिच्या स्वभावात नाही.

१९९८च्या जूनमध्ये तिची नात एफ्रात आठ महिन्यांची होती. महिनाभर तिचे वजन सहा किलो चारशेवर अडकले होते. डब्यातली पावडर ती तोंडात धरीना, आणि बारीकशी गुठळी लागली तरी सगळे ओकून टाकी. टिपत हलावमधल्या, म्हणजे बाळांच्या दवाखान्यातल्या, नर्सने एफ्रातच्या आईला, पाझितला, सांगितले, "दोन आठवडे बघू. नाही वाढलं तर इस्पितळात ठेवावं लागेल."

"नाचणीचं सत्त्व दे. तू त्याच्यावरच पोसलीस," नओमी लेकीला म्हणाली. भावाने मुंबईहून आणलेली किलोभर नाचणी तिच्याकडे होती. रेवदंड्याला तिची आई करी तसेच तिने केले: अर्धी नाचणी रात्रभर भिजवली, फडक्यात बांधली आणि पुरचुंडी गॅलरीत टांगली. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी कोरडी खडखडीत. मोड तुरळक. तरी तिने ती वाटली. कडक दाण्यांच्या कोंड्याचा चुरा झाला आणि फडक्यातून खाली उतरला. खीर खरखरीत झाली. एफ्रातने ती आजीच्याच अंगावर परत केली.

"दाय, इम्मा! पुरे झालं, आई," पाझित रडकुंडीला आली. "आता इस्पितळच."

नओमी उरलेली नाचणी घेऊन वर माझ्याकडे आली. "नाचणी जुनी निघाली गं, लीया."

"हो, आता भावाला दोष दे," मी म्हटले आणि १९६१ची डायरी काढली. रेवदंड्याला असताना माझ्या आयझॅकसाठी पहिल्यांदा सत्त्व केले, ते त्यात होते: "१२ जुलै. सकाळी पुरचुंडी टांगली. १३ जुलै. चांगले मोड. भिंतींना ओल. आयझॅकचे लंगोट चार दिवस वाळत नाहीत."

नओमीने ते दोनदा वाचले. "इथे लंगोट किती वेळात वाळतात?"

"तासाभरात."

तिने डायरी मिटली. "म्हणजे चूक हवेची!"

या खेपेस पुरचुंडी झाकणाच्या पातेल्यात, वर ओला टॉवेल घालून, न्हाणीघरात ठेवली. नओमी दर तीन तासांनी पाणी शिंपडी. मोड यायला दोन दिवस लागले. गाळायला मी आमच्या यजमानांचा मलमलचा सदरा दिला. ते जाऊन सात वर्षे झाली होती, सदरा पेटीत पडून होता. दोनदा गाळले, साका खाली बसू दिला, वरचे पाणी ओतले आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळले. एफ्रातने चार चमचे खाल्ले आणि पाचव्यासाठी तोंड उघडले.

दोन आठवड्यांनी वजन भरले सहा किलो सहाशे तीस. नर्सने ते कार्डावर लिहिले, इस्पितळाचे नाव काढले नाही.

पाझित घरी आली आणि तिने आईला हिब्रूत विचारले, मोड यायला किती वेळ लागतो?

"रेवदंड्याला एक दिवस, इथे दोन," नओमी म्हणाली. "मला पहिल्यापासून ठाऊक होतं."