मंडळाची शाल

आमच्या नांदुऱ्याच्या साहित्य मंडळात सभासद भरपूर आणि शाल एक. मरून रंगाची, जरीच्या काठाची. दर महिन्याला वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक भरते, एका सभासदाचा सत्कार होतो, शाल अंगावर पडते, फोटो निघतो. फोटो निघाला की सचिव ती अलगद काढून, घडी घालून पिशवीत ठेवतात. याची कुणाला लाज वाटत नाही. गावातल्या निम्म्या कवींच्या घरी त्याच शालीतले फोटो टांगलेले आहेत, आणि एकमेकांकडे गेलो की आम्ही ते कौतुकाने बघतो.

ऐकण्याच्या नावाने मात्र बोंब. ज्याची कविता वाचायची राहिली तो ती मनात घोकत असतो, आणि ज्याची वाचून झाली तो मोबाईलवर आपला फोटो कसा आला ते बघत असतो. 'वा' म्हणायचे काम तेवढे सगळे इमाने करतात. एकदा एका आजोबांनी पाणी मागितले, त्यालाही दोघांनी 'वा' म्हटले. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते डोळे मिटून ऐकतात. शाळेतही असेच ऐकायचे, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात.

माझी पाळी आली तेव्हा मी कथा घेऊन गेले. नवऱ्याचे घर सोडून रेल्वे स्टेशनवर येऊन बसलेल्या एका बाईची. त्या कथेने मला वर्षभर झोपू दिले नव्हते. सत्काराचे मला फारसे काही नव्हते, पण ती कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावी असे फार वाटत होते. वडिलांना सोबत नेले. त्यांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढणाऱ्या यंत्रांजवळ गेला आणि कानही तिथेच गेले. तरी ते पहिल्या रांगेत बसून माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. वाचन संपले, वा वा झाले, आणि अध्यक्षांनी माझ्या 'आशयघन कवितेचा' गौरव केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात फोटो निघाला. सचिव शाल काढायला पुढे येणार, तोच वडील उठून आले. त्यांनी शाल माझ्या अंगावरून घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेले. अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

पुढे महिनाभर वडील शालीशिवाय घराबाहेर पडले नाहीत. चहाच्या टपरीवर, दाढीच्या दुकानात एकच विषय, "पोरीले भेटली. गोष्टी लिवते ते." इकडे मंडळाच्या ग्रुपवर संदेश येत होते, 'सांस्कृतिक ठेवा तत्काळ जमा करावा.' शेवटी सचिवांचा फोन आला. "ताई, पुढच्या बैठकीले खामगावचे पाहुणे येऊन राह्यले. त्याईले काय टॉवेल पांघरू?" मी म्हटले, पांघरा. वडिलांच्या खांद्यावरून ती शाल ओढून घेणे माझ्याच्याने होणार नव्हते.

बैठकीला वडील शाल घेऊनच आले. अध्यक्ष हळूच त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, त्या शालीसंदर्भात थोडे बोलायचे होते."

वडिलांना ते ऐकूच आले नाही. ते आपल्याच तंद्रीत होते. "सर, बरं झालं तुमी भेटले. मले कमी आयकू येते, अन् पोरीले इचाराची लाज वाटते. ते टेसनावरची बाई शेवटी घरी वापस गेली का नाही?"

अध्यक्ष हसले आणि आवाज चढवून म्हणाले, "कथेत सगळेच सांगायचे नसते, बाबा."

"नसंन. पन गेली का नाही?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिले, सचिवांनी कोषाध्यक्षांकडे. एक गझलकार म्हणाले, गेली असेल. दुसऱ्यांनी सांगितले की प्रतीकात्मक अर्थाने गेली. खोली माणसांनी भरली होती. मी मुद्दाम गप्प बसले. बघू तरी म्हटले, एकाला माहीत आहे का. नव्हते.

वडिलांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून घेतले. मग शाल काढली, नीट घडी केली आणि अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली.

"राहू द्या मंग, सर. मले वाटलं, तुमी आयकून देल्ली."

घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवले. "वाच आता. जोरानं वाच." मी घसा फोडून वाचली. शेजारीण शिवणयंत्र थांबवून भिंतीपलीकडून ऐकत होती. कथा संपली.

वडील म्हणाले, "नाही गेली, हे बेस केलं तिनं. पन मंधात तू लय लांबवलं, बाई."

मला राग आला. रात्री पुन्हा वाचून पाहिली आणि मधली दोन पाने काढून टाकली.