मालसूनआक्काची पुडी

मालसूनआक्काची शीळ थांबली, तसं आम्हा सगळ्याजणींचं काळीज लक्कन हललं.

आम्ही बुडी मारून शंख, कालवं काढणाऱ्या बाया. दम कोंडून तळाला जायचं, वर आलं की तोंडातून आपसूक शीळ निघते. कोण कुठं आहे ते शिळेवरूनच कळतं. आमची म्होरकी यांग ओकजा हात मारत मालसूनआक्काच्या खडकाकडं गेली, तर ही बया आपल्या तरंगत्या गोळ्यावर, ज्याला धरून आम्ही दम खातो, छाती टाकून चक्क घोरत होती!

ओढत किनाऱ्यावर आणली. दगडी कुंपणातल्या शेकोटीपाशी बसवली, तिच्या नेहमीच्या मानाच्या जागी, जिथं धूर येत नाही.

"मरायचं होतं तर घरी मरायचं," ओकजा कडाडली. "आमच्या डोक्याला ताप कशाला? उद्यापासनं तुझं पाणी बंद."

मालसूनचं तोंड उतरलं. तिचा खुबा कैक वर्षांपासून दुखतोय. तळाला जायला कमरेला शिशाचा जड पट्टा बांधून जन्म गेला, दुसरं काय होणार? जमिनीवर चालली की लंगडते, निजली की ठणकतं. पाण्यात मात्र काही दुखत नाही. पाणी बंद म्हणजे तिला तेवढासुद्धा इसावा उरणार नव्हता.

"अगं, झोपच न्हाई लागत," ती म्हणाली. "घरातल्या खालनं तापवलेल्या जमिनीवर पडले तर खुबा टोचतोय. सुनेनं मऊ गादी आणली, त्यात चिखलात रुतल्यागत झालं. कधी वाटतं झोपले हुते, कधी वाटतं न्हाई. माझं मलाच कळंना झालंय."

"डागदर काय म्हणला?" मी विचारलं.

"'दुसरं काय औषध घेता?' म्हणला. मी म्हणलं, कायबी न्हाई."

"आणि दुखायला लागलं की?"

"आपली पुडी घेते की. निजताना एक, परत उठून एक."

पुडी म्हणजे डोकेदुखीची. पाण्यात उतरायच्या आधी आम्ही सगळ्याच घेतो, चहा घ्यावा तशी. तिला औषध कोण म्हणतंय?

ओकजा वैतागून म्हणाली, "मालसून, पुडी घेतली की आपण कशा टवटवीत व्हतो?"

"व्हतो की. डोळं टक्क उघडत्यात."

"मग निजताना का घेतीस, येडे?"

मालसून तिच्याकडं बघतच राहिली. मग माझ्याकडं. मग शेकोटीकडं.

"पर तिनं दुखणं थांबतं."

"आणि झोपबी."

"मग दुखत दुखत झोपायचं कसं गं?"

एकजण हसली, तिला दुसरीनं कोपर मारलं.

ओकजानं निकाल दिला: डागदराला पुडीचं सांग, त्यानं म्हणल्याशिवाय निजताना पुडी घ्यायची न्हाई, आणि रातची नीट झोप लागाया लागेस्तोवर किनाऱ्यावर शेवाळ निवडत बस.

डागदर म्हणे कपाळाला हात लावून बसला. औषध बदललं, खुब्याला शेक सांगितला, गुडघ्यांच्या मधी उशी घालून कुशीवर नीज म्हणाला. मालसूनला काही पटेना. किनाऱ्यावर शेवाळ निवडायची नि आमच्या शिळा मोजायची. एकदा मलाच म्हणाली, "आधी झोप गेली म्हणून पुडी घ्याया लागले, का पुडी घेतली म्हणून झोप गेली?" मला तरी काय ठाऊक!

मग एका सकाळी भरतीच्या आधी आली, डोळे सुजलेले.

"झोपलीस का?" ओकजानं दरडावून विचारलं.

"कुणास ठाऊक. डोळं मिटलं हुतं. दुखत हुतंच."

"मग बस किनाऱ्यावर."

"थांब की! माझी सासू आली, शंख मोजाया लागली. माझ्या खुब्यावर बसूनच मोजत हुती."

"तुझी सासू मरून किती वरसं झाली?"

"लई."

ओकजानं तिच्याकडं निरखून बघितलं. मग तिचा गोळा उचलून तिच्या अंगावर टाकला.

"सपान पडलं म्हंजे झोपलीस. उथळ पाण्यात जा. हिच्या जवळ रहा," ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली.

त्या दिवशी मी शंख कमीच काढले. कान सारखा तिच्या शिळेकडं होता.