चार देश पहिले आले, आणि मी नवापूरची वाट धरली

त्या सकाळी आंघोळ करून मी देवाला दोन फुलं वाहिली, ओसरीवर बसलो आणि शहाद्याहून आणलेला ट्रान्झिस्टर लावला. रामनवमी होऊन आठवडा झाला होता. विलायतेच्या केंद्रावर सकाळी हिंदी कार्यक्रम लागतो. आवाज कधी जवळ येतो, कधी तापीपार जातो, पण मला तो ऐकायची सवय आहे. त्या दिवशी श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देत होते. कुणीतरी विचारलं होतं, युरोपात दरवर्षी टेलिव्हिजनवर देशादेशांची गाण्याची स्पर्धा होते, तिच्यातल्या गमती सांगा.

टेलिव्हिजन मी पाहिलेला नाही. दिल्लीला आहे म्हणतात, चित्र दिसणारा रेडिओ. पण सांगणारी बाई अशी रंगून सांगत होती, की मला सगळं दिसायला लागलं. पहिली स्पर्धा तेरा वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्ये झाली. सातच देश होते आणि प्रत्येकाची दोन गाणी. एका चिमुकल्या देशाला आपले परीक्षक पाठवता आले नाहीत, तर यजमानांच्याच परीक्षकांनी त्यांची मतं देऊन टाकली. कुणाला किती मतं पडली, ते आजवर जाहीर झालेलं नाही. पुढच्या वर्षी इटलीच्या गाणाऱ्याने पाच मिनिटं गाऊन घेतलं, तेव्हापासून तीन मिनिटांचा नियम कडक झाला. (आमच्या गावी तो नियम आला, तर निम्मे बुवा घरी बसतील.) त्यानंतर एकदा तिसरं आलेलं गाणं जगभर गाजलं आणि पहिलं आलेलं मागे राहिलं. आणि यंदा स्पेनमध्ये तर कमालच झाली. चार देशांना सारखीच मतं पडली, अठरा-अठरा. बरोबरी झाली तर काय करायचं, हा नियमच कुणी लिहून ठेवला नव्हता. मग चौघांनाही पहिलं ठरवलं. पदकं मात्र तेवढी नव्हती.

बाई हसली. मला हसू आलं नाही. हातातला चहा तसाच निवून गेला.

त्याचं कारण सांगतो. गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या सप्ताहात भजनी मंडळांची स्पर्धा झाली. ताल कळतो म्हणून पंच मला केलं. शेवटी दोन मंडळांचे गुण सारखे आले: एक तळोद्याकडचं आणि दुसरं नवापूरकडचं. नवापूरकडच्या मंडळाचे म्होरके म्हणजे माझे व्याही, माझ्या सुमनचे सासरे. पखवाज तेच वाजवतात. त्यांना पहिला नंबर दिला, तर गाव म्हणेल, लेकीच्या सासरी बक्षीस पाठवलं. मी बसल्या जागी पेन्सिल घेतली आणि व्याह्यांचा एक गुण कमी केला. कशात? तालात. तालात त्यांची काहीही चूक नव्हती.

निकालात तो कमी गुण वाचून दाखवला आणि व्याही पखवाज उचलून गावी गेले. संक्रांतीला सुमनचं कार्ड आलं: मामंजींनी पखवाजाला खोळ घालून माळ्यावर ठेवलाय. म्हणतात, कान गेले माझे, आता ताल सापडत नाही.

तीन महिने ते कार्ड गीतेच्या पोथीत होतं. त्या सकाळी ठरवलं, जाऊन सांगायचं. घरात बोललो, तर आमची मंडळी चुलीपासून उठून आली.

"कोनी इचारं का तुम्हले?"

"कोनीच नही."

"मंग? पोर तठे नांदी ऱ्हायनी. याहीनं डोकं फिरनं ते तिले आयकनं पडी."

तरी पहाटे तिनेच दशम्या आणि कोरडी चटणी बांधून दिली.

कुणाला या वाटेने जायचं असेल, तर शहाद्याहून सारंगखेड्याची पहिली मोटार धरा. दुसरीचा भरवसा नाही. सारंगखेड्याला उतरलो. दत्तजयंतीच्या जत्रेत जिथे विकायला आलेल्या घोड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, तिथे एक म्हैस निवांत रवंथ करत होती. दत्ताचं दर्शन घेतलं आणि घाटावर आलो. चैत्रात तापी शहाणी असते, नाव सरळ जाते. नावाडी म्हणाला, "बाबा, पयले पाय धुई ल्या, मंग बठा. माय शे ती." पाय धुतले, पाणी डोळ्यांना लावलं आणि बसलो.

"कठे चालनात एकला?"

"नवापूरकडे. याहीना घर."

"लगीन शे का?"

"नही. माफी मांगाले."

त्याने वल्हं पाण्यातच थांबवलं. "याहीनी माफी? मंग नाव उलटी फिराऊ का? आते बी येळ गयेल नही!" नावेतल्या दोन बायका पदराआड हसल्या. मीही हसलो. निघाल्यापासून पहिल्यांदाच छाती मोकळी झाली.

पलीकडून दोंडाईच्यापर्यंत टांगा मिळतो. घासाघीस करा, पण घोड्याकडे बघून करा. दोंडाईच्याला सुरतकडे जाणारी पॅसेंजर पकडायची. तिसऱ्या वर्गाचं तिकीट तीन रुपयांच्या आत येतं आणि खिडकी मिळाली, तर ते फार स्वस्त आहे. नंदुरबार जवळ आलं की डोळ्यांआधी नाकाला कळतं. पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागांवर, मिरच्या पसरलेल्या असतात, लांबून लाल लुगडी अंथरल्यासारख्या. माझ्या शेजारी मिरचीची दोन पोती घेऊन एक व्यापारी बसला आणि सगळा डबा शिंकायला लागला.

"शिंकी ल्या," तो म्हणाला. "नंदुरबारनं तिकीट शे ते."

शिंका थांबल्या, तशा गप्पा सुरू झाल्या. मी चार देशांची गोष्ट सांगितली. समोरच्या पागोटेवाल्या आबांनी पान चघळायचं थांबवून विचारलं, "चारी पयला? मंग दुसरा कोन?"

"दुसरा कोनीच नही, आबा. एकदम पाचवा."

"आरे वा! म्हंजे दुसरा येवानी लाज कोनलेच नही!"

व्यापारी म्हणाला, "आमना गावमा सरपंच असा निवडा पाहिजे. चार सरपंच. एक ते काम करी!" त्यावर सगळे इतके हसले, की पुढच्या बाकावर झोपलेला माणूस उठून बसला आणि विचारू लागला, कोणतं स्टेशन आलं.

नंदुरबारनंतर गाडी डोंगरात शिरते. खांडबारा, चिंचपाडा. सागाची पानं गळालेली, पळसाला शेवटची फुलं, आणि मोहाचा तो गोड, जड वास. स्टेशनाबाहेर बायका मोहाची फुलं वेचून टोपल्या भरत होत्या. चिंचपाड्याला मी शिदोरी सोडली. इतकी चविष्ट लागली, की आपण कशाला निघालो आहोत, ते थोडा वेळ विसरलो. देवाने भुकेला ही एक चांगली सोय करून ठेवली आहे.

नवापूरला उतरून रंगावलीच्या काठाने दोन मैल चाललो. ऊन उतरलं होतं. व्याही अंगणातच खाटेवर बसले होते, उठले, "राम राम याही! कागद ना पत्तर!" म्हणून मिठी मारली. सुमन नातवाला कडेवर घेऊन धावत आली. नातू झाल्यापासून मला लेकीच्या घरचं अन्न चालतं, म्हणून विहीणबाईंनी लगेच ताट वाढलं: तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, कैरीचं लोणचं. वाफ तोंडावर आली. मी हात मागे घेतला.

"याही, पयले बोलू द्या, मंग जेवसू. मार्गशीर्षमा तुम्हना तालमा काहीच चूक नव्हती. एक गुण मी मुद्दाम कापा. लोके म्हनतीन, पोरनं सासर शे म्हनीसन पयला नंबर दिना. त्या भ्यावथीन कापा."

सुमनने नातवाचं बोलणं हाताने थांबवलं.

"म्हंजे," व्याही सावकाश म्हणाले, "मन्हा कान चांगला शेतस?"

"चांगला शेतस."

"चार महिना मी कानमा लसूनना तेल टाकी ऱ्हायनू! रोज! वैद्य म्हने, वय व्हयनं!"

आतून विहीणबाई ओरडल्या, "आनि उश्या सगळ्या तेलकट करी टाक्यात! त्या कोन धुई, याही? तुम्ही?"

सुमन हसायला लागली, पण व्याही हसले नाहीत. "तुम्ही तुम्हनं नाव सांभाळं," ते म्हणाले, "आनि मन्हा हात मोडी टाकात."

मी मान खाली घातली. आमटी निवत होती. ते उठून आडापर्यंत गेले, तोंडावर पाणी मारून परत आले आणि बसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी चार देशांची गोष्ट सांगितली.

"चारीसले पयला करं?"

"हा."

"आनि आभाय पडनं नही?"

"नही पडनं."

"मंग तुम्हले काब इतला भ्याव वाटना?" असं म्हणून त्यांनी माझं ताट माझ्यापुढे ढकललं. "जेवा. सुमन, थोडी कनिक भिजाड बेटा."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, म्हणजे आवाजाला घुमारा येतो. सुमनने ती भिजवून आणली. मी जेवत होतो तोवर जावईबापूंनी माळ्यावरून पखवाज उतरवला, खोळ काढली, धूळ झटकली. व्याह्यांनी कणकेचा गोळा थापला, बोटाने थोडा काढला, पुन्हा लावला. पहिली थाप पडली आणि विहीणबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

हात आखडले होते, चार महिन्यांचे. पहिला ठेका अडखळला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मोजा." मी मांडीवर बोटं मोजायला लागलो. दुसऱ्या आवर्तनात समेवर थाप अशी पडली, की माझं बोट आणि त्यांचा हात एकाच क्षणी खाली आले. पुन्हा सम आली, पुन्हा तसंच. प्रत्येक समेला ते भुवई उडवून माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचो. आवाज ऐकून मंडळातले चौघेजण टाळ घेऊन आले. कुणी काही विचारलं नाही, बसले आणि गायला लागले. नातू माझ्या मांडीवर चुकीच्या मात्रेला टाळ्या पिटत होता. पांडुरंगाला इतकं जवळ मी देवळातही फार वेळा पाहिलेलं नाही.

सकाळी निघताना व्याही स्टेशनापर्यंत आले. मी डब्यात चढलो, तेव्हा म्हणाले, "माले सांगं, बेस करं. पन मन्हावर बोट तुम्हना गावमा उठनं. तठे बी सांगा."

"सांगसू," मी म्हणालो. व्याह्यांसमोर मान खाली घालणं सोपं. ज्या गावाने मला पंच केलं, ज्या गावात मुलं माझ्या पाया पडतात, तिथे उभं राहून सांगायचं? परतीच्या वाटेवर मोहाचा वास होता, मिरच्याही होत्या, पण मला फारसं काही दिसलं नाही.

घरी आलो. सुमनच्या आईने विचारलं, "काय म्हनतस याही?"

"जेवाडं त्यासनी."

"बस? जेवाडं?" ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "मंग माले बी संगे का ली गयात नही?"

आता या प्रवासाला दहा दिवस होत आले. काय राहिलं? तीन रुपयांच्या आत इतका डोंगर बघायला मिळतो, हे राहिलं. आबांचं बोलणं राहिलं. मी आजवर समजत होतो, की निःपक्षपाती राहणं म्हणजे आपल्या माणसाला थोडं कमी देणं. तसं नाही, हे मला पन्नाशीला कळलं, आणि ते शिकवायला स्पेनमधली चार गाणी लागली, जी मी ऐकलेलीही नाहीत. तळोद्याच्या मंडळाच्या बुवांना मी सगळं लिहून पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं: पहिले दोन असले, तर आमचा काही तोटा नाही, पुढच्या सप्ताहात दोघं मिळून गाऊ.

काल एकादशी होती. आरती झाली, प्रसाद वाटायच्या आधी मी मारुतीच्या पारावर उभा राहिलो. सगळ्या गावासमोर सांगितलं, "मार्गशीर्षमा नवापूरना तालमा चूक नव्हती. मी भ्यायनू, म्हनीसन एक गुण कापा. दोन्ही मंडळे पयला शेतस."