मोडीतली अंगठी

हिऱ्यांविषयी लिहावे इतके हिरे आमच्या घराने पाहिलेले नाहीत. तेव्हा या आगाऊपणाची क्षमा असावी.

ताईच्या साखरपुड्यासाठी अंगठी बघताना तिची नजर एका जुन्या, किंचित पिवळसर हिऱ्यावर थांबली. "ही मोडीत आलीये," सराफ म्हणाले. जुना दागिना दुकानाला विकला की त्याला मोड म्हणतात, एवढेच. पण आईने हात मागे घेतला.

"साखरपुड्याला मोड? कुणाचं काय मोडलं असेल, कुणास ठाऊक!"

"अगं, लग्न माझं आहे की अंगठीचं?" ताई म्हणाली.

घरात कॉलेजला जाणारा पहिला मी. तरी मलाही त्या हिऱ्याआड कुणाचे तरी बोट दिसू लागले होते. वस्तू हातातून का सुटते? मरणाने, की भांडणाने? नव्या अंगठीला आपण हे विचारत नाही. तिचाही हिरा कुठल्याशा खाणीतून, अनोळखी हातांतूनच येतो. जुनीची मात्र झडती घेतो.

ताईने अंगठी राखून ठेवायला सांगितली. विकणाऱ्या बाईंकडे चौकशी करतो, असे सराफ म्हणाले. आठवड्याने त्यांचा निरोप आला. बाई हयात होत्या. सांधे सुजल्यामुळे अंगठी बोटात जाईना, म्हणून विकली. त्यांनीच उलट विचारले होते, "घेणारी माणसं चांगली आहेत ना?"